दात उशिरा आले, तर दोष कोणाचा?

दिवाळीत घरात माणसे जमतात आणि माणसे जमली की मुलांची तुलना सुरू होते. कोणाची उंची वाढली, कोणाचे वजन घटले, कोणाला किती गुण मिळाले, आणि मूल अगदी तान्हे असेल तर त्याला दात किती आले. "आमच्या नातवाला सहाव्या महिन्यातच दोन दात होते हो!" असे एखाद्या आत्याबाई सहज बोलून जातात. त्यांच्या मनात काही नसते. परंतु दहा महिन्यांच्या बोळक्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या मनात ते वाक्य दिवसभर घोळत राहते. आपण दूध कमी पाजले का? गरोदरपणात कॅल्शियमच्या गोळ्या चुकवल्या, त्याचा तर हा परिणाम नसेल?

आमच्या सदराकडे मुलांच्या दातांविषयी जी पत्रे येतात त्यांतली निम्मीअधिक याच चिंतेची असतात. दात उशिरा का आले, वरचे आधी का आले, वर्गातल्या सर्वांचे पडले पण आमच्या मुलाचे अजून का पडत नाहीत, असे प्रश्न निरनिराळे असले तरी त्यांच्या पोटातला प्रश्न एकच असतो. यात दोष कोणाचा? या दिवाळी अंकाच्या निमित्ताने त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे असा विचार आहे.

दात येतो त्याच्या कितीतरी आधी

पहिली गोष्ट ध्यानात घेण्याजोगी ही की, हिरडीतून दात डोकावतो तो दिवस दाताचा जन्मदिवस नव्हे. दुधाच्या दातांची तयारी बाळ पोटात असतानाच सुरू होते. गरोदरपणाच्या साधारण चौथ्या महिन्यात त्यांच्यात चुना भरू लागतो. कायमच्या दातांपैकी पहिली दाढ तर बाळाच्या जन्माच्या सुमारास आकार घेऊ लागते, आणि तोंडात दिसते ती सहाव्या वर्षी. म्हणजे सहा वर्षे हे काम जबड्याच्या आत, कोणाला न दिसता चाललेले असते.

या कामाचे वेळापत्रक ढोबळमानाने असे. खालचे पुढचे दोन दात सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान, वरचे दोन आठ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि दुधाचे सगळे वीस दात अडीच-पावणेतीन वर्षांपर्यंत. सहाव्या वर्षापासून दुधाचे दात पडू लागतात. पटाशीचे कायमचे दात सहा ते आठ वर्षांत, सुळे आणि उपदाढा नऊ ते बारा वर्षांत आणि दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास येते. अक्कलदाढेचा मात्र भरवसा नाही. ती सतराव्या वर्षी येईल, पंचविसाव्या वर्षी येईल. पाचांतील सुमारे एका माणसाला निदान एक अक्कलदाढ मुळातच नसते, आणि त्याचा अकलेशी काडीचाही संबंध नाही!

पण हे वेळापत्रक रेल्वेचे नव्हे. त्यात दोन-चार महिने मागे-पुढे होणे हाच नियम आहे. कायमच्या दातांच्या बाबतीत मुली मुलांपेक्षा काही महिने पुढे असतात आणि सुळ्यांच्या बाबतीत हे अंतर सर्वांत अधिक असते. तेव्हा धाकट्या बहिणीचे दात थोरल्या भावाच्या बरोबरीने पडू लागले तर भावाला "मागे राहिलास" म्हणून चिडवू नये.

जुळ्यांनी दिलेली साक्ष

आता मूळ मुद्दा. हे मागे-पुढे होणे कशावर अवलंबून असते? आईच्या आहारावर, बाळाच्या औषधांवर, की घराण्यावर?

याचा निवाडा करण्यासाठी शास्त्रज्ञ जुळ्या मुलांकडे वळतात. जुळी दोन प्रकारची. एकाच बीजापासून झालेली, ती वारशाने हुबेहूब सारखी. आणि दोन निराळ्या बीजांपासून झालेली, ती सख्ख्या भावंडांइतकीच सारखी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच पोटात, एकाच घरात, एकाच हातचे खाऊन वाढतात. मग एकबीज जुळ्यांचे दात दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा अधिक बरोबरीने येत असतील, तर ते श्रेय वारशाचे म्हणायला हवे.

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील संशोधकांनी 98 जुळ्या जोड्यांचे दुधाचे पटाशीचे दात केव्हा केव्हा आले याच्या नोंदी अभ्यासल्या आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दात येण्याच्या वेळेत मुलामुलांत जो फरक दिसतो त्यातला मुलग्यांच्या बाबतीत 82 ते 94 टक्के आणि मुलींच्या बाबतीत 71 ते 96 टक्के वाटा आनुवंशिक असल्याचे त्यांना आढळले. याचा अर्थ नीट घ्यावा. एका बाळाच्या दाताचे नव्वद भाग बापाचे आणि दहा भाग दुधाचे, असा तो नव्हे. साधारण एकसारख्या परिस्थितीत वाढणाऱ्या पुष्कळ बाळांत जी तफावत दिसते, तिचे कारण शोधू गेल्यास ते बहुतांशी वारशात सापडते, एवढाच तो अर्थ.

हा वारसा म्हणजे एखादे एकटे "दाताचे जनुक" नसते. 2010 मध्ये फिनलंड आणि इंग्लंडमधील हजारो मुलांच्या अभ्यासातून पहिल्या दाताच्या वेळेशी संबंधित अशा अनेक जागा गुणसूत्रांवर सापडल्या. त्यांतल्या काहींचा शरीराच्या वाढीशीही संबंध आहे. थोडे इकडचे, थोडे तिकडचे अशी ही गोळाबेरीज असते. म्हणून बाळ वडिलांसारखे दिसत असले तरी त्याच्या दातांनी आजोळची चाल धरलेली असू शकते.

तेव्हा दहा महिन्यांच्या बोळक्या बाळाच्या आईने आत्याबाईंना एकच गोष्ट विचारावी. "आत्याबाई, याच्या बाबांना पहिला दात केव्हा आला होता?" पुष्कळदा उत्तर मिळते, "त्याला? अगं, त्याला तर वर्ष उलटून गेल्यावर आला!" आणि तिथेच तो खटला निकालात निघतो.

मामाचे काय?

वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जाते, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती ऐकायला गमतीची वाटते, पण ज्या सुनेच्या बाळाचे वरचे दात आधी येतात तिला ती गमतीची वाटत नाही. भाऊबिजेला भाऊ दारात उभा असताना तिच्या काळजात धस्स होते. खालचे दात आधी येणे हे अधिक आढळते इतकेच. वरचे आधी येणे हा त्याच वेळापत्रकाचा किरकोळ फेरफार होय. मामाने बिनघोर यावे आणि भाच्याला मांडीवर घ्यावे.

क्वचित, म्हणजे दोन-तीन हजार बाळांत एखादे, जन्मतःच दात घेऊन येते. त्याचाही बाऊ करू नये. हा बहुधा दुधाचाच दात असतो, घाईने आलेला. तो फार हलत असेल किंवा अंगावर पाजताना आईला त्रास होत असेल, तर दंतवैद्यांना दाखवावे. घरी ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये.

याहून धोक्याची समजूत मात्र निराळीच आहे. "दात येताहेत, म्हणून जुलाब होताहेत, दात येताहेत, म्हणून ताप आहे." दात येताना लाळ गळते, हिरडी शिवशिवते, मूल किरकिरे होते, हे खरे. पण 100.4 अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप आणि पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. या वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते आणि बाळ दिसेल ते तोंडात घालते; म्हणून दात आणि दुखणी एकाच वेळी येतात. दातांवर खापर फोडून जुलाब होणाऱ्या बाळाला जलसंजीवनी द्यायला उशीर केला, तर त्यात जीव जाऊ शकतो.

दातांवरून वय

दातांचे घड्याळ घराण्याप्रमाणे चालते, ही गोष्ट घरापुरतीच महत्त्वाची आहे असे नाही. कायद्याच्या दरबारातही ती येते, आणि तिथे मुलाचे सारे आयुष्य पणाला लागलेले असते.

1833 साली इंग्लंडमध्ये कायदा झाला की कापडाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामास लावू नये. पण मूल नऊ वर्षांचे आहे हे ठरवायचे कसे? जन्मनोंदणीची सरकारी व्यवस्था तिथे 1837 च्या जुलैपर्यंत सुरूच झालेली नव्हती. गरीब आईबाप पोटासाठी वय वाढवून सांगत, आणि मालकांना ते सोयीचेच असे. उंचीवरून वय ठरवावे, तर उपाशी मुलांची उंची खुंटलेली आणि खात्यापित्या घरची मुले वयापेक्षा मोठी दिसणारी. अशा वेळी 1837 मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने सुमारे एक हजार मुलांचे दात तपासून पार्लमेंटच्या सभासदांसाठी एक पुस्तिका काढली आणि दाखवून दिले की वय ओळखायला उंचीपेक्षा दात अधिक विश्वासाचे. याचे कारणही तसेच आहे. उपासमारीने हाडे आणि उंची जितकी मागे पडते तितकी दातांची घडण मागे पडत नाही.

आपल्याकडे 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यांत घेण्यास मनाई केली आणि 1891 मध्ये ती मर्यादा नऊ वर्षांवर नेली. गिरणीच्या दारात उभ्या राहिलेल्या पोराचे वय किती, हा प्रश्न इथेही होताच.

पुढे क्ष-किरणांमुळे जबड्याच्या आतले काम दिसू लागले. 1973 मध्ये डेमिर्जियन, गोल्डस्टीन आणि टॅनर या तिघांनी कॅनडातील फ्रेंचभाषी घराण्यांतील सुमारे तीन हजार मुलांच्या क्ष-किरण चित्रांवरून एक पद्धत बसवली. खालच्या जबड्यातील डाव्या बाजूचे सात दात पाहायचे, प्रत्येक दात त्याच्या घडणीच्या आठ टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवून गुण द्यायचे, आणि गुणांच्या बेरजेवरून मुलाचे "दंतवय" काढायचे. आठ वर्षांच्या मुलाचे दंतवय सात निघाले, तर त्याचे दात सरासरीपेक्षा वर्षभर सावकाश तयार होत आहेत असे समजायचे. वेड्यावाकड्या दातांना तारा केव्हा लावाव्यात हे ठरवताना दंतवैद्यांना त्याचा चांगला उपयोग होतो.

परंतु कॅनडातल्या मुलांचे माप आपल्या मुलांना बसेलच असे कसे म्हणावे? 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हीच पद्धत दक्षिण भारतातील मुलांना लावून पाहिली, तेव्हा मुलांचे वय सरासरीने सुमारे तीन वर्षांनी जास्त निघाले. पुढे भारतीयांसाठी निराळी सूत्रे तयार करण्यात आली. अठरा वर्षांची सीमारेषा ओलांडली की नाही यावर जिथे मुलाला बालगृह मिळणार की तुरुंग हे ठरते, तिथे तीन वर्षे म्हणजे केवढी चूक! म्हणूनच 2015 च्या बाल न्याय कायद्याने क्रम घालून दिला आहे. आधी शाळेचा किंवा शालान्त परीक्षेचा दाखला पाहावा. तो नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला पाहावा. आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी करावी. आपल्या घरातल्या मुलांचे दाखले कपाटात असतात. पण घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांचे आहेत का, हे एकदा विचारून पाहावे, आणि नसतील तर मिळवून देण्यास मदत करावी.

घराचा वाटा

इथवर वाचून कोणी म्हणेल, सगळे वारशावरच असेल तर आम्ही करायचे काय? तसे समजू नये. बेल्जियममधील लूव्हेन येथे जुळ्या मुलांच्याच क्ष-किरण चित्रांवरून दंतवयाचा अभ्यास झाला आणि 1997 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे वारशाचा वाटा 43 टक्के निघाला, तर दोन्ही जुळ्यांना सारख्याच मिळालेल्या परिस्थितीचा, म्हणजे आईचे पोट, घर, अन्न यांचा, 50 टक्के. बाळाचा पहिला दात केव्हा डोकावतो ही एक गोष्ट झाली, आणि कायमचे दात वर्षानुवर्षे कसे घडत जातात ही दुसरी. दोहोंत वारशाचा हात आहे, पण सारखा नाही.

आणि दात किडणे ही तर तिसरीच गोष्ट. "आमच्या घराण्यातच दात वाईट" असे म्हणणारी घरे पुष्कळ असतात. अशा घरात पाहावे, तर दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपलेले, येता-जाता गोळ्या-बिस्किटे हातात, आणि दुधाचे दात म्हणून घासण्याची टाळाटाळ. वारशाने आली ती आजीच्या घरची सवय, पण दोष देतात तो दातांना.

"दुधाचेच दात, पडायचेच आहेत" हे म्हणणेही महागात पडते. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा बळकावते. फार लवकर काढली तर नवा दात उशिरा येतो. पडायच्या सुमारास काढली तर लवकर येतो. म्हणजे घराण्याने लावलेले घड्याळ आपणच बिघडवतो.

आणखी एक गोष्ट आईवडिलांच्या हमखास नजरेतून सुटते. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे कळतच नाही. पुष्कळ घरांत तिला दुधाचीच दाढ समजून दुर्लक्ष होते आणि आठव्या-नवव्या वर्षी ती पोखरलेली सापडते. मुलाच्या सहाव्या वाढदिवसाला त्याचे तोंड उघडून मागे नीट पाहावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

घराण्यावर हवाला ठेवून स्वस्थ बसणेही बरे नव्हे. वर्षाच्या वाढदिवसाच्या सुमारास मुलाला एकदा दंतवैद्यांना दाखवावेच. दीड वर्षापर्यंत एकही दात आला नाही, तर मग मात्र चालढकल करू नये. थायरॉइडची कमतरता, ड जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा मुडदूस अशी कारणे त्यामागे असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. बाळ दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले असेल तर तेवढे आठवडे वजा करून हिशेब करावा.

एक लक्षण विशेष ध्यानात ठेवावे. डार्विनने आपल्या एका ग्रंथाच्या 1875 च्या आवृत्तीत, त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंध प्रांतातील एका हिंदू कुटुंबाची हकीकत नोंदवली आहे. त्या कुटुंबात चार पिढ्यांतील दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस तुरळक होते, आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या कातडीमुळे त्यांचे हाल होत. मुलींना ही व्याधी नसे, पण त्यांच्या मुलांत ती उतरे. ही व्याधी आज चांगली ओळखीची आहे. तिच्यात घाम येत नाही, म्हणून उन्हाळ्यात बाळ तापाने फणफणते. दात नाहीत, केस विरळ आणि घाम येत नाही, अशा तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांकडे तातडीने जावे. अशा ठिकाणी व्याधी बहुधा आईकडून आलेली असते, हे खरे. पण आईने ती निवडलेली नसते. तिलाही ती बहुधा तिच्या आईबापांकडूनच आलेली असते.

या दिवाळीत एवढे करा

मंडळी जमलीच आहेत, तर एक वही काढा. आजी, आत्या, मावशी, मामा यांना विचारून घरातल्या कोणाचे दात केव्हा आले, केव्हा पडले, कोणाला एखादा दात आलाच नाही, ते लिहून ठेवा. आठवत नसेल तर पहिली-दुसरीतले शाळेचे फोटो पाहा. कोणाच्या हसण्यात खिडकी आहे ते लगेच दिसेल. मुलांच्या दातांच्या तारखाही त्याच वहीत टिपा. पुढे दंतवैद्यांना ती वही दाखवलीत तर त्यांचे काम सोपे होईल.

फराळाचेही एक सांगतो. लाडू-करंजी मुलांना जरूर द्या, पण जेवणाच्या वेळी एकदम द्या. दिवसभर डब्यात हात घालू देऊ नका. दातांचे नुकसान किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले यावर अधिक अवलंबून असते. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासलेच पाहिजेत. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, त्याहून मोठ्यांना वाटाण्याएवढी.

आणि घरात कोणी बोळक्या बाळाच्या आईला "अजून दात नाहीत?" असे विचारले, तर तिला उत्तर द्यायला लावू नका. आजीने किंवा बाबांनीच पुढे होऊन सांगावे, "आमच्याकडे उशिराच येतात."